गालावरचा खड्डा

भिंगार
६ जानेवारी २०२५

चि. अवधूत,

आशीर्वाद. आज ते दातओठ खाऊन देते आहे, चालवून घे.

तुझं लाकूड कोरायचं सीएनसी मशीन मागच्या खोलीत, शिवणयंत्राच्या टेबलावर बसवलं. मशीनबद्दल तक्रार नाही. ते बिचारं सांगितलं तर हलतं, नाहीतर गप्प राहतं. किळस आली आहे ती त्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची.

"फुकट आहे आत्या, उतरवून घे," म्हणालास. उतरवलं. त्याने आधी नाव विचारलं, मग ईमेल, मग फोन नंबर, मग व्यवसाय. यादीत निवृत्त चित्रकला शिक्षिका नव्हती, म्हणून मी 'विद्यार्थी'वर टिचकी मारली. आता रोज सकाळी मला 'प्रिय विद्यार्थी मित्रा' म्हणून सवलती येतात. अर्ध्या बटणांवर कुलपाचं चित्र आहे, दाबलं की पैसे मागतं. म्हणजे पाहुण्याला पाटावर बसवायचं, ताट वाढायचं आणि त्याने घास उचलला की मनगट धरायचं. शी!

खरा संताप पुढेच आहे. दाराला पाटी करावी म्हणून 'नीलांबरी' असं टाइप केलं. वेलांट्या एकीकडे, अनुस्वार भलतीकडे, मधे गोल गोल ठिपके. जन्मभर मुलांकडून फळ्यावर अक्षर घोटून घेतलं आणि म्हातारपणी माझंच नाव असं हातपाय तोडून माझ्यासमोर मांडलेलं बघायचं! तरीही तसंच कोरून पाहिलं, तर कटर फळी फोडून खाली टेबलातच घुसायला लागला. मी वायर ओढली म्हणून थांबलं. जळक्या एमडीएफचा वास अजून पडद्यांना आहे. ओलं कुत्रं शेकोटीपाशी बसलं की येतो तसा.

फोन केला तर तू कुजबुजतोस आणि मग "ठेवतो" म्हणतोस. म्हणून हा ईमेल. मला पत्रासारखंच लिहिता येतं, त्याला इलाज नाही. काय करायचं ते नीट कळव. ईराला जप.

तुझी
आत्या


सोनई
८ जानेवारी २०२५

ती. आत्या,

नमस्कार. तुझं पत्र ईराला वाचून दाखवलं. हसून हसून तिचं पोट दुखलं आणि सध्या तिचं पोट दुखणं आम्हाला परवडत नाही. पाचवा लागला. तब्येत चांगली आहे.

ते सॉफ्टवेअर काढून टाक. सोबत पाठवलंय ते घे. दिसायला सरकारी कचेरीसारखं आहे, पण खरंच फुकट आहे. उघडलंस की सगळ्यात आधी मापाचं एकक बघ. तुझं नक्की इंचावर होतं. तू खोली तीन म्हणालीस ती मिलिमीटरमध्ये, त्याने ऐकलं इंचात. टेबल वाचलं हे नशीब समज. मग मशीनची ओळख करून दे: टेबल केवढं, कटर किती जाड. फळीचा डावा खालचा कोपरा शून्य धर. उंचीसाठी फळीवर कागदाचा कपटा ठेव, कटर हळूहळू खाली आण आणि कपटा जेमतेम अडकला की तिथे शून्य.

मराठी त्यात टाइपच करू नकोस. दुसरं चित्र काढायचं सॉफ्टवेअर पाठवलंय. त्यात लिही, अक्षरांच्या रेषा करून घे आणि त्या रेषा इकडे आण. एकदा रेषा झाल्या की ते अक्षर राहत नाही, नुसता आकार होतो. वेलांटी कुठे पळत नाही.

फोनवर हळू बोलतो ते घरामुळे. आम्ही वर, मालक खाली आणि मधला स्लॅब पातळ. खालचं वर ऐकू येतं, वरचं खाली. मशीनचा आवाज त्यांना सहन होईना म्हणूनच ते तुझ्याकडे पाठवलं. कारखान्यात सीझन चालू आहे, घरी येतो तेव्हा भांडायचं त्राण नसतं. लिहिणंच बरं.

एक काम पण आणलंय तुला. आमचे घरमालक अंगदराव. ऊस वाहतुकीला त्यांचे ट्रॅक्टर आहेत, गावात वजन आहे. त्यांना दोघा नवरा-बायकोचं चित्र लाकडात कोरून हवंय, उठावाचं. फोटोवरून सॉफ्टवेअरच उठाव तयार करतं, तुला जमेल. माणूस चांगला आहे. ईराच्या तपासणीला नगरला जायला स्वतःची गाडी दिली होती.

तुझा
अवधूत


भिंगार
१९ जानेवारी २०२५

चि. अवधूत,

आशीर्वाद, आणि या वेळी मनापासून. पाटी झाली! वेलांट्या दोन्ही जागेवर. कटर फळीवरून फिरताना मी तासभर स्टुलावर बसून नुसती बघत होते, चहा निवून गेला. शेजारच्या सुभेदारीणबाईंनी लगेच त्यांच्या नावाची सांगितली आहे.

तुझे चांगले अंगदराव येऊन गेले. चपला घालून आत, थेट मागच्या खोलीत. तोंडात गुटखा. बोलता बोलता माझ्या भुशाच्या डब्यात थुंकले, मी बघते आहे हे बघून थुंकले. डबा मी त्यांच्यादेखत बाहेर नेऊन ठेवला, तर हसले. "मॅडम लई कडक दिसत्यात." त्यांच्या मंडळाने म्हणे 'आदर्श दांपत्य' निवडायचं ठरवलं आहे. मार्चमध्ये कार्यक्रम. निवडले कोण गेले? हेच. मंडळाचे अध्यक्ष कोण? तेही हेच. कोरलेलं चित्र स्टेजवर लावायचं आहे. ऐकताना मला तोंड कडू झाल्यासारखं वाटलं, पण काम म्हणून घेतलं.

आता माझी अडचण. त्यांनी मोबाईलवर तीन फोटो पाठवले. पहिला घेतला, कुणाच्या तरी लग्नातला. मला समजलं ते असं की हे सॉफ्टवेअर उजेड उंच धरतं आणि अंधार खोल. जितकं काळं, तितका कटर खाली. एमडीएफवर नमुना काढला. अंगदरावांच्या गळ्यातली साखळी दोरखंडासारखी वर आली. त्यांच्या मिश्या खोल गेल्या, ते मी समजू शकते. पण बायकोच्या, सुकन्याच्या, डाव्या गालावर कानाखाली हा एवढा खड्डा! अंगठा बसतो. खोली कमी केली, पुन्हा काढला. खड्डा तिथेच. एकदा मला वाटलं कटर सैल झाला, घट्ट केला. तिथेच.

हे कुठल्या खिट्टीने जातं?

तुझी
आत्या


सोनई
२० जानेवारी २०२५

ती. आत्या,

सावली असणार. लग्नातले फोटो तसेच येतात. 'स्मूदिंग' नावाची पट्टी आहे ती वाढव. तेवढ्याने नाही गेलं तर फोटो चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये उघड, शेजारचा रंग उचल आणि तेवढा भाग पुसून टाक. मग उठाव गुळगुळीत येईल. फार खोलात जाऊ नकोस. गिऱ्हाइकाला हवं तसं द्यावं.

घाईत आहे.

अवधूत


भिंगार
२७ जानेवारी २०२५

अवधूत,

पुसायला बसले होते. पुसायचं म्हणून तो गाल पडदाभर मोठा केला. माझ्या अख्ख्या नोकरीत मी मुलांना एकच गोष्ट धडपणे शिकवली असेल, ती छायाप्रकाश. सावली कडेला विरघळत जाते. ही विरघळत नाही. एकाशेजारी एक अशा पट्ट्या आहेत आणि त्यावर पावडर चोपडली आहे.

तरी म्हटलं, आपण उगाच काहीतरी बघतो आहोत. दुसरा फोटो घेतला, दिवाळीचा. त्यात उजेड उलट्या बाजूने येतो. नमुना काढला. खड्डा उजव्या डोळ्याखाली. तिसऱ्यात गळ्यापाशी, पदराच्या वर. तीन वेगळे दिवस, तीन वेगळे उजेड. सॉफ्टवेअरला सावली कुठली आणि वळ कुठला हे कळत नाही. ते काळं दिसलं की खणतं. मला कळतं ना!

तीन नमुने भिंतीला उभे केले. त्या बाईच्या तोंडावरून पुन्हा पुन्हा माझा कटर गेला.

काल अंगद आला. (राव लावणार नाही.) नमुने बघितले. जराही चपापला नाही. म्हणाला, "हे जरा साफ करून द्या. गोठ्यात पडली व्हती ती."

मी म्हटलं, "तिन्ही वेळा?"

"लई धांदरट हाय वो. मशीनच हाय ना, एक बटन दाबलं की जातंय." आणि माझ्या टेबलावरची कटरची डबी उघडून एक कटर उचलला आणि त्याने दात कोरले. तो कटर मी चिमट्याने उचलून फेकून दिला.

आता तुला सरळ विचारते. ती तुझ्या पायाखालच्या घरात राहते. तूच लिहिलंस, खालचं वर ऐकू येतं. तुला माहीत होतं का?

आत्या


सोनई
९ फेब्रुवारी २०२५

ती. आत्या,

उत्तराला उशीर झाला. लिहीन लिहीन म्हणत दिवस गेले.

तुला इथली परिस्थिती माहीत नाही. इथे चांगलं घर मिळत नाही. या माणसाचे ट्रॅक्टर कारखान्यात, मंडळ त्याचं, चुलते गावच्या प्रत्येक बैठकीत. ईराला या दिवसांत घेऊन मी कुठे फिरू? आणि नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये असं बाबाच सांगायचे. मी एकदा खाली गेलो होतो. मोठा आवाज झाला म्हणून. त्याने दार उघडलं, या या साहेब म्हणाला, बसवलं. तिनेच चहा आणून दिला. पदर पुढे ओढलेला होता. मी काय विचारणार? चहा प्यायलो आणि वर आलो.

आता आवाज सुरू झाला की आम्ही टीव्ही मोठा करतो. ईराला त्रास होऊ नये म्हणून.

तू ते चित्र करून दे आणि मोकळी हो. तू नाही दिलंस तर नगरमध्ये दुसरा कुणी देईल, आणि राग निघेल तो तिच्यावर नाहीतर आमच्यावर. एवढं ऐक.

अवधूत


भिंगार
११ फेब्रुवारी २०२५

अवधूत,

तू तो चहा प्यायलास.

बाकी सगळं मी समजून घ्यायचा प्रयत्न केला. घर, नोकरी, ईरा. भीती प्रत्येकाला असते, मलाही आहे. तो माणूस येऊन गेला की मी कडी दोनदा तपासते. पण तिच्या हातचा चहा घेऊन, पदराकडे बघून, कप खाली ठेवून वर आलास आणि मला लिहिलंस "माणूस चांगला आहे". आणि मग "पुसून टाक". अंगदची मला शिसारी येते, ती परक्याची येते. तुझी आली ती पोटातून आली. तुझी शाळेची चित्रं अजून माझ्या कपाटात आहेत रे!

ते चित्र होणार नाही. पण नाही म्हणून सांगितलं तर राग कुणावर निघेल हे तू लिहिलंस ते मात्र खरं आहे. म्हणून त्याला निरोप दिला आहे की या फोटोंवर सॉफ्टवेअर चालत नाही, सपाट उजेडात मला नवा फोटो काढावा लागेल, बायकोला घेऊन या. येतो म्हणाला.

मला उत्तर लिहू नकोस. तुझ्याकडे जे आहे ते वाचायची माझी इच्छा नाही.

आत्या


भिंगार
२० फेब्रुवारी २०२५

चि. ईरा,

अनेक आशीर्वाद. हे पत्र तुझ्या ईमेलवर, तुझ्यासाठी. अवधूतला दाखवायचं की नाही ते तू ठरव.

काल सुकन्या येऊन गेली. अंगदला मी म्हटलं, सागवानाची फळी तुम्हीच पसंत करून आणा, असल्या कामाला लाकूड आदर्श माणसाच्या नजरेचं हवं. खूश होऊन वखारीत गेला. स्तुतीचे ते शब्द माझ्या जिभेवर अजून चिकट वाटताहेत.

ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, उठायच्या तयारीत. पंचविशीची असेल नसेल. मी नमुने कपाटामागे ढकलले होते, पण एक बाहेर राहिला होता. तिने तो ओढला. बराच वेळ बघितला. मग स्वतःच्या चेहऱ्यावरच्या त्या खड्ड्यात बोट घातलं आणि म्हणाली, "बाई, मशीनला दिसलं व्हय?"

मी हो म्हटलं.

"सोनईत कुनाला दिसत न्हाई," ती म्हणाली. रडत नव्हती. नवल करत होती.

मी विचारलं, माहेरी का जात नाहीस? तर म्हणाली, "माहेराला कुलूप हाय बाई. पाथर्डीकडचं गाव आमचं. आई-दादा ऊस तोडायला सांगलीकडं गेल्यात, चैतात येत्याल. तवर गावात म्हातारी मान्सं निस्ती." तिचा फोन नवऱ्याच्या खिशात असतो. आईचा नंबर पाठ होता. माझ्या फोनवरून लावला. तिची आई, कडूबाई. मागे उसात कोयत्यांचा आवाज येत होता. सुकन्या दोनच वाक्यं बोलली. मग आई म्हणाली, "कवाधरनं?"

"पयल्या दिवाळीपसून."

"मंग सांगितलं का न्हाईस गं?"

"तू बी लांबच हुतीस की."

मग आईच म्हणाली, "मुकादमाला सांगून येते. फडातनं निघाया दोन-चार दिस लागत्याल. तवर जीव संभाळ." बस.

मी तिला म्हटलं, इथेच राहा, आत्ताच. तिने मान हलवली. तिचे शाळेचे दाखले, आईने घातलेला सोन्याचा डाग, सगळं त्या घरात आहे, आणि आई आल्याशिवाय मी निघाले तर पळून गेली म्हणतील, म्हणाली. तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला. तिने नमुना उलटा करून ठेवला आणि फोटोसाठी ताठ बसली. मी फोटो काढला.

ईरा, तुझी अवस्था मला माहीत आहे. मारामारीत पड असं मी सांगत नाही. तिला सांगितलं आहे की वेळ आली तर वर जा. ती म्हणाली, "वरच्या ताई चांगल्या हायेत, पर दार लावून घेत्यात." तिने दार वाजवलं तर उघड. एवढंच मागते.

तुझी
आत्या


सोनई
३ मार्च २०२५

ती. आत्या,

सा. नमस्कार. पत्र त्याच दिवशी मिळालं होतं. मी ते अवधूतला दाखवलं. त्याने पूर्ण वाचलं आणि गच्चीवर जाऊन बसला. नंतर त्याविषयी आम्ही बोललो नाही.

मागच्या रविवारी दुपारी जेवणं झाली होती. मॅच लागली होती. खाली सुरू झालं. अवधूतचा हात सवयीने रिमोटकडे गेला आणि त्याने आवाज वाढवला. आत्या, मी तो हात इतके महिने बघत आले होते. मीच कधी कधी म्हटलं होतं, वाढव ना जरा. त्या दिवशी मला तो हात बघवेना. उठून टीव्हीची वायर उपटली.

मग आम्ही ते सगळं ऐकलं. टीव्हीशिवाय पहिल्यांदाच. शिव्या कमी होत्या. तो हळू आवाजात बोलत होता, समजावल्यासारखं, आणि मधे मधे फटका. चित्र कशाला रखडलं, म्हातारीला काय सांगितलंस, असं विचारत होता.

मग जिन्यावर पावलं. दार वाजायच्या आत मी उघडलं. ती आत आली आणि थेट स्वयंपाकघरात ओट्याखाली जाऊन बसली. मी ११२ लावला.

मागोमाग अंगद. अवधूत दारात उभा राहिला.

"ओ साहेब, बायको द्या मपली," तो हसतच म्हणाला.

"त्या आत आहेत. बाहेर येणार नाहीत."

"भाड्यानं ऱ्हाता. ध्यानात ठेवा."

"ठेवलंय," अवधूत म्हणाला. इतका वेळ तो तेच ध्यानात ठेवून होता, हे त्याला आणि मला दोघांनाही माहीत होतं. पण दारातून हलला नाही.

खाली माणसं जमली. मंडळातले मच्छिंद्रकाका वर आले. मला वाटलं, वयस्कर आहेत, अंगदला बोलतील. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, आदर्श जोडप्याचा कार्यक्रम तोंडावर आलाय. आत्ता असं करत्यात व्हय? चार दिस दम धरायचा." मी मोरीत जाऊन ओकले. दिवसांच्या उलट्या केव्हाच थांबल्या होत्या. ही त्या वाक्याची होती.

पोलीस आले. त्यांच्यात एक बाई होत्या. त्यांनी अंगदला खाली पाठवलं, दार लावलं आणि सुकन्याशेजारी फरशीवर बसून सगळं लिहून घेतलं. मग अवधूतला विचारलं, "तुम्ही केव्हापासून ऐकताय?"

"राहायला आल्यापासून."

त्यांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं आणि कागद पुढे सरकवला. त्याने सही केली. त्या दिवसापासून जेवताना तो माझ्याकडे बघत नाही.

सुकन्या रात्रभर आमच्याकडेच होती. कडूबाई दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या, उसाच्या टेम्पोतून, हाताला फडकी बांधलेली. पोलीसबाईंना सोबत घेऊन सरळ खालच्या घरात गेल्या आणि लेकीची पेटी बाहेर आणली. सासू दारात आडवी आली. "नवऱ्याचा हात लागला म्हनून कुनी मेलंय का?" सगळी आळी ऐकत होती.

कडूबाई म्हणाल्या, "मरायच्या आदीच न्यायला आलेय." आणि लेकीला म्हणाल्या, "चल."

गेल्या त्या. आम्हालाही घर सोडायला सांगितलंय. कारखान्यातले लोक अवधूतशी बोलायचं टाळतात. तिला मारत होता तेव्हा सगळे बोलायचे.

तुमची
ईरा


भिंगार
१६ मार्च २०२५

चि. ईरा आणि अवधूत,

दोघांनाही आशीर्वाद.

काल अंगद माझ्याकडे आला होता. तक्रार होऊनही मोकळाच आहे. मी जाळीचं दार उघडलं नाही. मला वाटलं शिवीगाळ करील. तसं काहीच नाही. जाळीला तोंड लावून म्हणाला, "मॅडम, तिला काढून टाका त्या चित्रातनं आन मपलं एकट्याचंच करा. कार्यक्रम तर झाला, पर घरात लावायला पायजे."

कार्यक्रम झाला, अवधूत! त्याने मोबाईल जाळीला टेकवून मला व्हिडिओ दाखवला. हार, फेटा, टाळ्या. बायको माहेरी आजारी आहे असं सांगितलं म्हणे, आणि शेजारी आईला उभं केलं. आदर्श दांपत्याचं मानचिन्ह माय-लेकांनी घेतलं आणि समोरच्या खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी एकही जण हसला नाही की उठून गेला नाही. सगळ्यांना माहीत होतं. तुझ्या दारापुढे सगळे जमले होते ना? मला वाटलं होतं, माणसं डोळे झाकून घेतात. तसं नाही. उघड्या डोळ्यांनी टाळ्या वाजवतात. त्यानंतर मी दोन वेळ जेवले नाही. अन्नाचीच किळस आली.

त्याला म्हटलं, "फाटकाबाहेर हो." नाही हलला, तशी सुभेदारीणबाईंना हाक मारली. त्यांचे दोन मुलगे बाहेर आले. मग गेला.

मूळ फोटो आणि तिन्ही नमुने मी सुकन्याची केस चालवणाऱ्या वकीलबाईंकडे दिले. त्यांना सॉफ्टवेअर कसं खोली धरतं ते समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, कोर्टात लाकडाला किती किंमत मिळेल सांगता येत नाही, पण फोटोंना मिळेल. बघू.

आता तुमचं. इथून कारखान्यापर्यंत रोज जाऊन-येऊन करणारे पुष्कळ आहेत. मशीन पडवीत हलवते आहे, मागची खोली तुम्हाला. ईराचं बाळंतपण इथेच होईल. अवधूत, मी हे तुला माफ केलं म्हणून लिहीत नाही. तू दारात उभा राहिलास ते ईराने लिहिलं, ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. आणि चहाचंही विसरलेले नाही. दोन्ही एकाच माणसाची कामं आहेत, आणि मला त्या माणसाबरोबर एका घरात राहायला शिकावं लागेल. तुलाही लागेल. ये. पण आलास की आधी माझ्याशी बोल, मग सामान उतरव.

आज सकाळी सुकन्याचा फोन आला. आईच्या फोनवरून. ती गावी गेलीच नाही, तिथे घराला कुलूपच आहे. आईबरोबर फडात आहे, मोळ्या बांधते. सवय नाही, हाताची सालं निघालीत म्हणाली. मला राहवलं नाही. म्हटलं, अगं तिथे उसाच्या पाचटात झोपून कशाला हाल करून घेतेस, माझ्याकडे ये, पाट्या कोरायला शिकवते, डोक्यावर पंखा आहे, स्वतंत्र खोली देते.

ती म्हणाली, "येईन की बाई मागनं. पर सध्या हितंच बरंय. हितं झोप लागती."

तुमची
आत्या